खंडेनवमीची पक्कड

"दसरा व्हई जाऊ दे, मंग आन," असं भागाबाईंनी सुनेला एकदा नव्हे, दोनदा सांगितलं होतं. "नवरात्रमा नवं लोखंड घरमा उनं का ते देवीनं व्हई जास."

पुष्पाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेल्या बाईला लोखंड हे लोखंडच दिसतं. ते देवीचं की दुकानदाराचं, हा प्रश्न तिला पडत नाही. शिवाय त्यांची अडचण दसऱ्यापर्यंत थांबणारी नव्हती. दीड वर्षाची सुमन मागच्या दाराशी बसून काहीतरी चोखत होती आणि ते काहीतरी म्हणजे तिच्या आजोबांचा चिमटा होता.

आजोबा म्हणजे हिलालनाना. अमळनेरात बोरी नदीच्या डोहावर गळ टाकून बसणं हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग. माशाच्या तोंडातून गळ उपसायचा तो हा चिमटा. त्याला इतका गंज चढला होता की बोट लावलं तरी शिळ्या भाकरीसारखे पापुद्रे सुटत. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातलं धनुर्वाताचं पान पुष्पाबाईंना तोंडपाठ होतं: आधी जबडा बसतो, मग मान ताठते. पुढचे आठ दिवस त्या रोज सकाळी सुमनचं तोंड उघडून पाहत. सुमनला तो खेळ वाटे आणि ती त्यांचं बोट चावे. जबडा शाबूत आहे याचा याहून चांगला पुरावा नव्हता, तरी पुष्पाबाईंचा निश्चय कायम राहिला. त्या घरात यापुढे गंजेल असं काही राहणार नव्हतं.

बाजारात बन्सीलालचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. पुष्पाबाईंनी पदर सावरून त्याला विचारलं, न गंजणारी पक्कड आहे का. तो म्हणाला, सगळ्याच न गंजणाऱ्या आहेत. तेव्हा त्यांनी तीन तऱ्हेच्या पकडी काढायला लावल्या: एक काळ्या लोखंडाची, एक निकेलचा मुलामा दिलेली आणि एक विलायती, न गंजणाऱ्या पोलादाची, जी नमुना म्हणून आली होती आणि दोन वर्षं तशीच पडून होती. तिन्ही पकडी तीन दिवसांच्या बोलीवर त्या घरी घेऊन आल्या. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्यांत मिठाचं पाणी केलं, त्यात लिंबू पिळलं, प्रत्येक बरणीत एकेक पक्कड सोडली आणि वर दादरे बांधले.

अभिमन, म्हणजे त्यांचे यजमान, तेलाच्या गिरणीत कारकून होते. त्यांनी जेवताना चुकीची बरणी उघडली. त्यानंतर आठवडाभर ते लोणच्याला हात लावत नव्हते.

काळी पक्कड एका रात्रीत लाल झाली. मुलाम्याची पक्कड दोन दिवस चंद्रासारखी चकाकत राहिली, पण पुष्पाबाईंनी तिचे जबडे उघडून सांध्याशी पाहिलं तर दोन पाती जिथे एकमेकींवर घासतात तिथे मुलामा उडाला होता आणि आत तांबूस कड आली होती. विलायती पकडीला काही झालं नव्हतं. त्यांनी नाक लावून वासही घेतला.

"मुलामा नवरदेवाच्या फेट्यासारखा असतो बाई," बन्सीलाल दोन पकडी परत घेताना म्हणाला. "वरातीपुरता." हे तो आधी का बोलला नाही, हे विचारायचं पुष्पाबाईंनी मनात ठेवलं.

पक्कड घेणं एक आणि सांभाळणं दुसरं. अभिमननी मोठ्या हौसेने गिरणीतून वाटीभर जवसाचं तेल आणलं. ते सांध्यात सोडलं, आणि दोन दिवसांत तेल सुकून डिंक झालं. पक्कड अशी बसली की ती उघडायला दुसरी पक्कड लागली असती. पुष्पाबाईंनी ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, काडीला चिंधी गुंडाळून सांधा कोरला, पुसला, उन्हात वाळवला आणि शिवणयंत्राचं तेल एकच थेंब घातलं. मग कागदावर नियम लिहून कोनाड्याजवळ चिकटवले. मासा काढल्यावर गोड्या पाण्याने धुणे. कोरड्या फडक्याने पुसणे. सांध्यात एक थेंब, दोन नाही. फ्लॅनेलच्या पिशवीत, सुमनच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच.

नानांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, मन्हं लगीन व्हयनं तवय बी इतलं काही लिखी दिधं नव्हतं. पण पक्कड त्यांना आवडली. तिच्या टोकाशी निमुळती चोच होती, मागे तार तोडायची धार होती. पकडीला ते दिवसातून चारदा उघडून मिटून पाहत. मासा मात्र धरता येत नव्हता, कारण घट बसले होते, आणि नवरात्रात या घरात माशाचं नावही निघत नसे. तो नियम नानांचाच होता.

नानांचा दुसरा नियम खंडेनवमीचा. त्या दिवशी घरातलं यच्चयावत लोखंड देवीपुढे पाटावर मांडायचं. विळा, कुऱ्हाड, अडकित्ता, कात्री, सुया, अभिमनच्या टाकाची निबसुद्धा. हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत पाटावरून काही उचलायचं नाही. विळीही पाटावर, म्हणून त्या दिवशी डांगर उंबऱ्यावर आपटून फोडत आणि भाजी करत. मागल्या वर्षी अभिमननी विसरून नखं काढली होती. नानांनी ते प्रकरण दिवाळीपर्यंत पुरवलं होतं.

आणि त्या खंडेनवमीला पाटाच्या मधोमध, कुऱ्हाडीच्या मांडीवर, पुष्पाबाईंची पक्कड विराजमान झाली. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं की रोजच्या वापरातली नाही, ही वगळली तर. भागाबाईंनी नुसतं पाहिलं. मी सांगितलं होतं, हे त्या नजरेत इतकं स्वच्छ होतं की पुष्पाबाईंनी स्वतःच पकडीला कुंकू लावलं, फक्त सांध्यावर ओघळू दिलं नाही.

पूजा आटोपताच नाना दसऱ्यासाठी आपट्याची पानं आणायला निघाले. ते दर वर्षी निघत. ते परतले तेव्हा दुपार झाली होती, पानं होती, पण उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला होता. जेवायच्या पाटावर बसले आणि डाव्या हाताने घास घेतला.

अभिमनचा हात भातातच थांबला. त्या घरात डाव्या हाताने जेवण ही नखं काढण्यापेक्षा फार वरची गोष्ट होती.

"हाई काय?" भागाबाईंनी विचारलं.

नानांनी घास गिळला. तेवढाच वेळ त्यांना विचाराला मिळाला, पण त्यांना तो पुरला. "हात बी हत्यारच शे," ते म्हणाले. "जलमभर राबना. आज खंडेनवमी. त्याले बी सुट्टी."

भागाबाई उठल्या, हळदकुंकवाचं ताट आणलं आणि उपरण्यावर दोन बोटं टेकवली. बाहेर बेबाबाई, म्हणजे शेजारच्या धनसिंगची बायको, डांगराचा तुकडा मागायला आली होती. तिने ते दारातून पाहिलं आणि डांगर न घेताच परत गेली.

पुष्पाबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांना उपरण्याच्या घडीतून वीतभर दोरी लोंबताना दिसत होती. पिळाची, मेण लावलेली, गळाची दोरी. आणि हळदीच्या पिवळ्या डागाशेजारी एक डाग होता, तो कुंकवाचा नव्हता, कारण तो पसरत होता.

नाना हात धुवायला मागच्या अंगणात गेले तशा त्या मागोमाग गेल्या. सासऱ्यासमोर त्या एरवी खाली पाहून बोलत. आज सरळ पाहिलं.

"नाना, हात दाखवा."

"सुट्टीवर शे तो."

"नाना."

म्हाताऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि उपरणं सोडलं. अंगठ्याच्या मागच्या मांसल भागात गळ रुतला होता, पार आतपर्यंत. जुना, तांबूस, नदीच्या चिखलातला गळ. टोकाला उलटा काटा, त्यामुळे मागे ओढावा तर मांस फाटणार.

"मोठा शिवडा व्हता," नाना हळूच म्हणाले. "मी वढं, तो निसटना. मासा गया, मी सापडनू."

पुष्पाबाईंना धनुर्वाताचं पान आठवलं, ओळ न ओळ. त्यांनी आधी नानांना तोंड उघडायला लावलं. जबडा नीट उघडला. मग विचारलं की हे काढायचं कसं. नानांना ते माहीत होतं. नदीकाठच्या माणसाला ते माहीत असतंच. गळ मागे नाही, पुढे रेटायचा. टोक कातडीबाहेर आलं की काटा तोडायचा आणि उरलेला गळ आल्या वाटेने काढून घ्यायचा. एका निमुळत्या चोचीच्या, तार तोडणाऱ्या पकडीचं काम.

"मग मी पक्कड आणते."

"पाटवरतीन?" नाना दचकले. "अभिमनले नखंसकरता मी कितलं बोलनू, तुले याद शे ना? आनि तुन्ही सासूले समजनं का मी नवरात्रमा गळ टाका, ते मी या घरमा तोंड दखाडू कसा? ऱ्हाऊ दे. दोन दिनमा पिकी जाई नि आपेआप निंघी येई."

पिकेल, हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. पुष्पाबाईंनी सुमनला कडेवर घेतलं, सासूबाईंना सांगितलं की पोरीला वाऱ्यावर फिरवून आणते, आणि त्या डॉक्टरांकडे निघाल्या.

डॉक्टर सासुरवाडीला दोंडाईच्याला गेले होते. कंपाउंडर होता. त्याने आतल्या खोलीत बोट दाखवलं: डॉक्टरांचे चिमटे, कात्र्या, दात उपटायची सांडशीसुद्धा, सगळं झेंडूच्या माळेखाली. उद्या संध्याकाळी या, तो म्हणाला. पुष्पाबाई न्हाव्याकडे गेल्या. वस्तरा आणि नराणी, दोन्ही पाटावर. लोहार स्वतःच भात्याला कुंकू लावत बसला होता. शेवटी बन्सीलालच्या दुकानापुढे त्या उभ्या राहिल्या, तर दार अर्धं लावलेलं आणि आत दुकानातला अख्खा माल, खिळ्यांच्या पिंपापासून तराजूच्या काट्यापर्यंत, फुलांनी झाकलेला.

"मी परत केलेल्या दोन पकडी होत्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"आहेत की. त्या काय, हळदीत," बन्सीलाल म्हणाला. "उद्या काहीही मागा. आज मलाच सुपारी दाताने फोडावी लागली."

त्या दिवशी अख्ख्या अमळनेरचं लोखंड सुट्टीवर होतं. पुष्पाबाई परत फिरल्या तेव्हा त्यांचं मन ठरलं होतं. पकडीवर देवीचा हक्क असेल, पण हाताची जबाबदारी त्यांची होती. सासूबाईंना सांगावं लागलं तर सांगायचं, नानांचं तोंड जाईल तर जाऊ द्यायचं. जबड्यासकट जाण्यापेक्षा ते बरं.

पण गल्लीत शिरल्यावर त्यांना कळलं की तेवढ्या वेळात गोष्ट फार पुढे गेली होती. धनसिंगने उजवा हात पंच्यात गुंडाळून खाटेवर अंग टाकलं होतं आणि तो बायकोला म्हणत होता की बादली उचलणं आज शास्त्रात बसत नाही. त्याचं पाहून समोरच्याने, समोरच्याचं पाहून कोपऱ्यावरच्याने. चार वाजेपर्यंत गल्लीतले सात उजवे हात देवीला वाहून झाले होते, आणि त्या सातही हातांच्या बायका बेबाबाईला पुढे घालून भागाबाईंच्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या.

बेबाबाईचा प्रश्न सरळ होता. हे खरोखर शास्त्रात आहे का. असेल तर तिला आजचं पाणी कोण भरणार ते कळायला हवं होतं.

नाना खांबाला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, हात मांडीवर. पुष्पाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. पण भागाबाईंनी त्यांच्याकडे न पाहताच हात वर केला.

"शास्त्र मी काय सांगू," त्या म्हणाल्या. "पन एक माले समजस. हात हत्यार व्हई ते त्यानी जागा पाटवर. पूजेलं हत्यार मोकळं हिंडत नही. तुम्हना मानसंसले सांगा, पाटजोडे बठा, हात पाटवर ठेवा, उद्या सांजपावत उठानं नही. जेवाले बी नही." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही पहिले बठा."

बायकांत समाधानाची एक लाट गेली. नाना नको नको अशा नजरेने पाहत होते आणि सगळ्या गल्लीसमोर स्वतःच्याच शब्दात अडकले होते. ते देवघरात गेले, पाटाजवळ बसले आणि गुंडाळलेला हात विळा नि अडकित्त्याच्या मध्ये ठेवला. पक्कड त्यांच्या मनगटाला लागून होती.

पुष्पाबाईंच्या डोक्यात दिवा लागला. पाटावरून उचलायची नाही, एवढाच नियम होता. पाटावरच हलवायची नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

"अक्का, हाताची पूजा मी करू?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. "नीट करायला हवी. सावकाश."

"कर," भागाबाई म्हणाल्या आणि बायकांकडे तोंड करून आरतीला सुरुवात केली. त्यांचा आवाज एरवी बेताचा असे. त्या दिवशी तो बाजारपेठेत ऐकू गेला असेल.

पुष्पाबाई पाठ करून बसल्या, पदर पाटावर पसरला आणि त्याच्या आत उपरणं सोडलं. तांब्यातलं उकळून गार केलेलं पाणी ओतलं, सुमनसाठी ते नेहमी तयार असे. हळद भरपूर टाकली. पकडीला धरलं, सांधा विनातक्रार उघडला, ना कुरकुर, ना अडकणं. चोचीत गळ पकडला. "नाना, आता," त्या पुटपुटल्या, आणि पुढे रेटला.

"अंबे," नाना म्हणाले. मोठ्याने नाही, पण पोटातून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं.

मागे बेबाबाई शेजारणीला म्हणाली की आपल्या माणसाच्या डोळ्यांना पूजेत असं पाणी कधी येत नाही. पुष्पाबाईंनी पकडीची कूस बदलली, धार काट्यावर आणली आणि आवळली. टक् असा आवाज झाला, तो टाळ्यांत गेला. उरलेला गळ आल्या वाटेने अलगद निघाला. त्यांनी जखम दाबून रक्त वाहू दिलं, पुन्हा धुतली, पुन्हा हळद, मग सुमनच्या लंगोटाची धुतलेली स्वच्छ चिंधी. आरती संपली तेव्हा पक्कड आपल्या जागी होती आणि तिच्यावर कुंकू जरा जास्त दिसत होतं, इतकंच.

बायका घरी गेल्या. दोन घटकांत गल्लीतले सातही हात पाटाची बातमी ऐकून कामावर रुजू झाले. धनसिंग पाणी भरताना दिसला.

संध्याकाळी पुष्पाबाई चुलीपाशी दूध तापवत होत्या. भागाबाई शेजारी येऊन बसल्या.

"पक्कड जागावरच ओल्या फडकाघाई पुसी ले," त्या म्हणाल्या. "रगत लागेल शे. सांधामा वाळी जाई."

पुष्पाबाईंच्या हातातली पळी थांबली. "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वरीस व्हयनात. दर खंडेनवमीले त्या आपटाना पाला लेवाले जातस. आपटा गावना वरला अंगले शे, नदी खालला अंगले. आनि धोतर दर साल गुडघापावत ओलं."

"मग त्यांना कधी बोलला नाहीत?"

"बोलनू असतू ते पुढला साल दुसरी चोरी करतात. हाई चोरी माले ठाऊक शे." भागाबाईंनी दुधात हळद टाकली. "सकायले पक्कड पाटना मधमा व्हती. दुपारले ती कडले त्यासना हातजोडे कशी उनी, हाई तुले कॉलेजमा शिकाडं नही का?"

पुढचे दहा दिवस नाना रोज सकाळी सुनेसमोर तोंड उघडून उभे राहत आणि शेजारी सुमनही आ करून उभी राही. जबडा टिकला. हातही टिकला.

ही झाली चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नाना अजून गळ टाकतात. दर खंडेनवमीला त्यांना अजून आपट्याची पानं लागतात, आणि गेली तीन वर्षं पुष्पाबाई त्या दिवशी मागच्या दारात रॉकेल, हळद आणि उकळलेलं पाणी घेऊन भाजी निवडायला बसत. या वर्षी मात्र त्या दुसऱ्या बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी आहेत. अभिमनना गिरणीच्या कामासाठी जळगावला राहावं लागतं. अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. धोतर ओलं की कोरडं हे त्यांना आता कळत नाही, आणि हे त्या कोणाला सांगत नाहीत. पत्र लिहावं तर त्या घरी आलेली पत्रं नानाच वाचून दाखवतात.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणी येत्या खंडेनवमीला अमळनेरात असाल, तर एवढं करा. बोरीच्या बाजूची गल्ली, निळ्या दाराचं घर. दुपार टळल्यावर जा. हाताचं काही विचारू नका, नदीचं तर मुळीच नाही. ऊन फार आहे म्हणा आणि प्यायला पाणी मागा. नाना स्वतः उठून देतील. तांब्या उजव्या हाताने पुढे केला, तर पाणी पिऊन, दसऱ्याचा रामराम करून या. डाव्या हाताने केला, तर पाणी घेऊ नका. पाटाजवळ बसा, पक्कड तिथेच असेल, अक्कांना आरती म्हणायला सांगा, आणि धुळ्याला तार करा.